विकीवर गाण्याचे शीर्षक आणि शब्द बिनचूक कसे लिहावेत

चाहत्यांच्या विकीवर, म्हणजे वाचकांनीच मिळून लिहिलेल्या संकेतस्थळावर, गाण्याचे पान तयार करताना पहिली चूक बहुधा शीर्षकातच होते, कारण लोकांच्या तोंडी बसलेली ओळ हेच गाण्याचे नाव असणार, असे आपण गृहीत धरतो. 'द हू' या ब्रिटिश बँडचे १९७१ सालचे 'बाबा ओरायली' हे गाणे पाहा. मेहेर बाबा आणि संगीतकार टेरी रायली यांच्या नावांवरून बेतलेले हे शीर्षक गाण्यात एकदाही उच्चारले जात नाही. साहजिकच अनेक श्रोते हे गाणे त्यातल्या 'टीनएज वेस्टलँड' या शब्दांनीच ओळखतात. अशा वेळी मूळ प्रकाशनाच्या आवरणावर किंवा तबकडीच्या लेबलावर जे छापले आहे तेच पानाचे नाव ठेवावे आणि रूढ नावावरून त्या पानाकडे पुनर्निर्देशन करावे, म्हणजे रूढ नाव शोधणारा आपोआप त्याच पानावर पोहोचेल अशी सोय करावी. शोधणारा रूढ नावानेच येणार असल्यामुळे पुनर्निर्देशनाचा कंटाळा करू नये. एकाच शीर्षकाची दोन गाणी असतील तरच कंसात गायकाचे किंवा अल्बमचे नाव जोडावे.

देवनागरी शीर्षकांत आणखी एक छुपी अडचण असते. 'ॲ' हे अक्षर स्वतंत्रपणे टंकता येते, तसेच 'अ'वर चंद्र देऊनही उमटवता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात. परिणामी एकाच गाण्याची दोन पाने तयार होतात आणि दोन्हींवर वेगवेगळे लोक मन लावून काम करत राहतात. म्हणून नवे पान उघडण्यापूर्वी अल्बमच्या पानावरून तिथल्या गाण्यांची यादी तपासावी. केवळ शोधपेटीवर विसंबू नये.

शब्दांच्या बाबतीत मात्र खरा कस लागतो. इतर संकेतस्थळांवरून ओळी उचलणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण ती बहुतेकदा एकमेकांचीच नक्कल करतात आणि दहा ठिकाणी सापडलेली चूक दहा पुरावे असल्यासारखी भासते. आधी अल्बमसोबतची पुस्तिका पाहावी, मग हेडफोन लावून मूळ ध्वनिमुद्रण ऐकावे आणि अडलेली ओळ वेग कमी करून पुन्हा पुन्हा ऐकावी. मी एकदा 'दिसाला' असे लिहून मोकळा झालो होतो; प्रत्यक्षात गायिका 'दिस आला' म्हणत होती, आणि मधली फट चालीत बुजून गेली होती. ती चूक कानाला नव्हे, व्याकरणाला सापडली: पुढे 'नि गेला' असे शब्द होते आणि 'दिसाला' धरले तर त्या क्रियापदाला कर्ताच उरत नव्हता. म्हणून ऐकू आलेली ओळ लिंग, वचन, विभक्ती आणि यमक यांवर घासून पाहावी. मात्र अर्थ सोपा व्हावा म्हणून कवीचा शब्द बदलू नये. कधीकधी विचित्र वाटणारा शब्दच बरोबर असतो.

अशा चुकीच्या ऐकण्याला इंग्रजीत 'मॉन्डेग्रीन' हे नाव १९५४ साली सिल्व्हिया राइट यांनी दिले. एका स्कॉटिश पोवाड्यातले 'लेड हिम ऑन द ग्रीन' हे शब्द लहानपणी त्यांना 'लेडी मॉन्डेग्रीन' असे ऐकू येत असत. एकदा मनात बसलेला शब्दच कान पुन्हा पुन्हा ऐकवतो, तेव्हा आपला मजकूर न दाखवता दुसऱ्या कोणाला तरी ती ओळ ऐकायला द्यावी.

पुस्तिकेतले शब्द आणि गायलेले शब्द जुळत नसतील, तर पानावर गायलेले शब्द द्यावेत आणि छापील पाठ तळटीपेत नोंदवावा. मैफलीतला बदल मूळ मजकुरात मिसळू नये. ध्रुवपद प्रत्येक वेळी तसेच येत असेल तर संक्षेप चालेल, पण एखादा शब्द जरी बदलत असेल तरी ते पूर्ण लिहावे. गाण्याचे शब्द ही गीतकाराची किंवा हक्कधारकाची मालमत्ता असते. परवानगी नसेल तर संपूर्ण गीत न देता चर्चेपुरत्या एक-दोन ओळीच द्याव्यात.

सर्व प्रयत्नांनंतरही एखादा शब्द कळला नाही, तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि चर्चापानावर (लेखाविषयी चर्चा करण्यासाठी जोडलेल्या पानावर) ध्वनिमुद्रणातले मिनिट व सेकंद लिहावेत. दुसऱ्याची ओळ बदलतानाही बदलांच्या सारांशात 'चूक सुधारली' एवढेच न लिहिता कोणते ध्वनिमुद्रण, कितव्या सेकंदाला ऐकले ते नमूद करावे, म्हणजे पुढच्याला तीच ओळ नेमकी काढून तपासता येते.