ईएल८४ नवा घालूनही आवाज फाटतो: माझा अनुभव

लक्षण: जुना व्हॉल्व्हचा रेडिओ सेट थोडा वेळ नीट वाजतो, मग आवाज फाटतो आणि आउटपुट व्हॉल्व्हची (स्पीकर चालवणारा ईएल८४) प्लेट लालबुंद. व्हॉल्व्ह बदलला, सॉकेट घासलं, फरक शून्य. वैताग!

व्हॉल्व्ह काढून सेट चालू केला, चॅसिस (धातूचा सांगाडा) आणि सॉकेटची पिन २ (कंट्रोल ग्रिड, जिथे आवाजाचा सिग्नल येतो) यांमध्ये मीटर धरला (सेटमध्ये आसपास २५० व्होल्ट डीसी असतात, म्हणून एक हात खिशात). शून्य हवं, पॉझिटिव्ह आलं, म्हणजे कपलिंग कपॅसिटर (आधीच्या व्हॉल्व्हकडून सिग्नल येऊ देणारा, पण डीसी अडवणारा) लीक. सेट बंद, फिल्टर कपॅसिटर (पॉवर सप्लायचा, बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवणारा) डिस्चार्ज, मग जुना कपलिंग कपॅसिटर काढून ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर लावला. पुन्हा मोजलं, शून्य. मगच व्हॉल्व्ह बसवला.

खरेदीत ईएल८४ऐवजी ६बीक्यू५ किंवा रशियन ६पी१४पी मागा, तेही चालतात. एकाच आउटपुट व्हॉल्व्हच्या रेडिओला मॅच्ड पेअरचे (सारखे मोजून जुळवलेल्या दोन व्हॉल्व्हच्या जोडीचे) जादा पैसे कशाला? व्हॉल्व्हच्या काचेतला चंदेरी थर पांढरा पडला असेल (म्हणजे आत हवा शिरली) तर फुकटही नको.