सोपच्या सोमवारी गडबड टाळण्यासाठी

अमेरिकेतल्या रेसिडेन्सी मॅचमध्ये (डॉक्टरांना प्रशिक्षणाच्या जागा वाटणाऱ्या प्रक्रियेत) नंबर लागला नाही, तर ‘सोप’ ही उरलेल्या जागा भरण्याची प्रक्रिया असते. मार्चमधल्या त्या सोमवारी रिकाम्या जागांची यादी हाती येते आणि काही तासांत अर्ज करावे लागतात. पर्सनल स्टेटमेंट (अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं निवेदन) तेव्हा लिहायला बसलात, तर उशीर झालाच म्हणून समजा. हे फेब्रुवारीतच उरकून ठेवा:

१. इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन आणि प्रिलिमिनरी सर्जरी (सर्जरीतली एका वर्षाची जागा), तिन्हींसाठी वेगळी पर्सनल स्टेटमेंट्स ईरासमध्ये (अर्जाच्या ऑनलाइन प्रणालीत) चढवा. शीर्षक फक्त तुम्हालाच दिसतं, त्यामुळे ‘सोप एफएम’ असं बिनधास्त लिहा. घाईत सर्जरीचं स्टेटमेंट फॅमिली मेडिसिनला जोडलं जातं, ते यानेच टळतं.

२. एका प्रोग्रामला (हॉस्पिटलच्या प्रशिक्षणक्रमाला) जास्तीत जास्त चार शिफारसपत्रं जोडता येतात. दुसऱ्या शाखेतल्या डॉक्टरांचं एखादं आताच मागून ठेवा.

३. अर्ज एकूण ४५, तेही अख्ख्या आठवड्यासाठी. व्हिसा लागणार असेल तर तो न देणारे प्रोग्राम आधीच बाद करा. नाहीतर ते अर्ज फुकट जातात.

४. भारतातून अर्ज करणाऱ्यांनी फोन रात्रभर चालू ठेवावा. न्यूयॉर्कपेक्षा आपलं घड्याळ तेव्हा साडेनऊ तास पुढे असतं.

गुरुवारी ऑफरच्या चार फेऱ्या होतात. नाकारलेली किंवा मुदत संपलेली ऑफर परत येत नाही, आणि स्वीकारलेली बंधनकारक असते.

प्रोग्रामने संपर्क साधेपर्यंत स्वतःहून फोन किंवा ईमेल करू नका. ओळखीच्या डॉक्टरांकरवीही नाही, तोही नियमभंगच धरतात.