नैराश्यावरच्या दोन थेरपींची तुलना: सातारा-सांगलीत अभ्यास आखताना

‘सीबीटी चांगली की बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन?’ हा प्रश्न जसाच्या तसा घेऊन अभ्यासाला हात घातला, तर तो बहुधा मध्येच अडकतो. (सीबीटी नैराश्यातले विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवते, दुसरी थेरपी मुख्यतः पेशंटला पुन्हा कामांना आणि आवडीच्या गोष्टींना लावते.) नीट शिकून, नीट दिलेल्या दोन थेरपींमध्ये फरक असलाच तर फार थोडा असतो. प्रतीक्षायादीशी, म्हणजे उपचाराची वाट बघत थांबलेल्या पेशंटशी, तुलना केली की फरक मोठा दिसतो खरा, पण दोन थेरपींपैकी कोणती सरस हे त्यातून कळत नाही.

आधी आकडेमोड करा. ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के लक्षणीयता (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरली, तर ०.५ इतका परिणाम, म्हणजे दोन गटांतला अर्ध्या प्रमाण विचलनाचा फरक, पकडायला प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. ०.३ साठी १७६, ०.२ साठी ३९४. २० टक्के पेशंट मध्येच गळतील असं धरून ०.८ ने भागलं की ३९४ चे ४९३ होतात, तेही एका गटाचे. मिरज किंवा कराडच्या एका ओपीडीच्या भरवशावर हे होणार नाही. ३०-३० पेशंट घ्यायचे, फरक लक्षणीय आला नाही की ‘दोन्ही थेरपी सारख्याच’ लिहून मोकळं व्हायचं, ही प्रबंधांतली जुनी खोड आहे. फरक सापडला नाही म्हणजे फरक नाही, असं होत नाही.

त्यापेक्षा प्रश्न बदला: स्वस्तातली, लवकर शिकता येणारी थेरपी महागड्या थेरपीपेक्षा फारशी कमी पडत नाही ना? इंग्लंडमधल्या २०१६ च्या ‘कोब्रा’ अभ्यासाने हेच विचारलं. ४४० पेशंट होते. बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन कमी प्रशिक्षणाच्या कार्यकर्त्यांनी दिली, सीबीटी व्यावसायिक थेरपिस्टनी. पीएचक्यू-९ वर (नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली) १.९ गुणांपर्यंतची तूट चालेल, हे आधीच ठरवलं होतं आणि वर्षाअखेर निकाल त्या मर्यादेत बसला. जत, आटपाडी, माण, पाटण या तालुक्यांसाठी हाच प्रश्न कामाचा. गोव्यातल्या ‘हॅप’ अभ्यासात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सामान्य समुपदेशकांनी ६ ते ८ सत्रं दिली, पण ती तुलना सुधारलेल्या नेहमीच्या उपचारांशी होती, दुसऱ्या थेरपीशी नव्हे.

अशा अभ्यासात एक सापळा असतो. सत्रं अर्धवट झाली, नोंदी गोंधळल्या की दोन्ही गट आपोआप सारखे दिसू लागतात, म्हणजे ढिसाळपणाच निकाल आपल्या बाजूने फिरवतो. म्हणून विश्लेषण दोनदा करा: एकदा मूळ वाटणीप्रमाणे (ज्याला चिठ्ठीने जो गट मिळाला तो धरून) सगळ्यांचं, एकदा ठरलेली सत्रं पूर्ण केलेल्यांचं. दोन्हींत निकाल मर्यादेत राहिला तरच बोला.

समुपदेशक किती हाही मोठा प्रश्न. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक असेल तर तुलना थेरपींची राहत नाही, त्या दोन व्यक्तींची होते. प्रत्येक बाजूला निदान सहा हवेत, आणि त्या बाजूच्या सगळ्यांना प्रशिक्षणाचे तास आणि साप्ताहिक सुपरव्हिजन सारखं हवं. एका समुपदेशकाकडे २० पेशंट आणि एकाच समुपदेशकाच्या पेशंटच्या निकालांतलं साधर्म्य ०.०५ धरलं तर १ + १९ × ०.०५ = १.९५, म्हणजे नमुना जवळजवळ दुप्पट लागतो. दहापैकी एका सत्राचं रेकॉर्डिंग बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या. ज्याला स्वतःची थेरपी जिंकायला हवी आहे, त्याच्याकडे ते देऊ नका.

पीएचक्यू-९ मध्ये १० किंवा अधिक गुण ही नेहमीची चाळणी. घोळ होतो तो ‘गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस’ इथे. शेतावरच्या माणसाला तारखा आठवत नाहीत, बाजाराचा वार आठवतो. ‘मागच्या दोन बाजारांपासून’ असं धरून विचारा आणि सगळ्या मुलाखतकारांना तेच वाक्य पाठ करायला लावा. ‘टेन्शन आहे’, ‘अंग गळून जातं’ या उत्तरांवर थांबू नका, दिवस मोजून घ्या.

वाटणी ओपीडीत करू नका. यादी जिल्ह्याच्या ठिकाणी एकाकडेच, फोन करून गट विचारायचा. यादीतले गठ्ठे (ज्या प्रत्येकात दोन्ही गटांत सारखेच पेशंट जातात) चार आणि सहाचे मिसळलेले ठेवा. नुसते चारचे असतील तर चौथा पेशंट कुठे जाणार हे समुपदेशकाला आधीच कळतं.

थेरपी कोणती हे पेशंटपासून लपत नाही, मूल्यमापन करणाऱ्यापासून लपवता येतं. फोनवर पहिलंच वाक्य: ‘मॅडमनी काय करायला सांगितलं ते मला सांगू नका.’ तरी कोणीतरी ‘डायरी लिहितो’ म्हणतोच आणि थेरपी ओळखू येते. म्हणून शेवटी मूल्यमापन करणाऱ्याचा ‘कोणती थेरपी’ हा अंदाज लिहून घ्या, किती जणांचं गुपित फुटलं ते कळतं.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. उत्तर शून्य नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं. कोण कोणाला फोन करणार, ते प्रोटोकॉलमध्येच लिहा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ प्रत्येक पेशंटच्या कार्डावर छापा.

एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयवरची (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही) नोंद पहिला पेशंट घेण्याआधी झालीच पाहिजे. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंद घेत नाहीत. मुख्य मोजमाप एकच ठरवा, ते घेण्याची वेळही एकच.

फॉलो-अपच्या तारखा ऊसतोडीचा हंगाम बघून लावा. पावसाळ्यात घेतलेल्या पेशंटचा सहा महिन्यांचा फॉलो-अप ऐन हंगामात येतो आणि काही घरं कुलूपबंद सापडतात. दोन फोन नंबर घ्या, त्यातला एक मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकाचा, पेशंटची परवानगी घेऊनच. ज्याने तिसऱ्या सत्रानंतर थेरपी सोडली, त्यालाही ठरल्या दिवशी फोन करा. थेरपी सुटली तरी तो अभ्यासातून सुटत नाही.