वेलकम बोनससाठी कार्ड घेताय? अर्जाआधीची तयारी

दिवाळीत फ्रिज घ्यायचाच असेल, तर क्रेडिट कार्डाचा अर्ज महिनाभर आधी टाका. वेलकम बोनस म्हणजे नवं कार्ड घेतल्यावर बँक देते ती पॉइंट किंवा व्हाउचरची भेट. तिला बहुधा 'इतक्या दिवसांत इतका खर्च' अशी अट असते आणि ते दिवस बहुतेक ठिकाणी कार्ड इश्यू झाल्यापासून मोजतात; कुरिअर सांगलीत पोचेपर्यंत त्यातले काही गेलेले असतात. खर्च आधी ठरलेला हवा, कार्ड मागून. बोनससाठी खर्च शोधायची वेळ आली, तर ते कार्ड सोडून द्या.

अर्जाआधी सिबिल रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्ज-कार्डांच्या परतफेडीची नोंद, काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. स्कोअर ७५० च्या वर असला की बरं. एकाच महिन्यात तीन-चार बँकांत अर्ज नको, प्रत्येक चौकशीची नोंद राहते. आजवर कर्ज किंवा कार्डच घेतलं नसेल तर एफडी (मुदत ठेव) तारण ठेवून मिळणारं कार्ड मागा. पण एफडी कार्ड देणाऱ्या बँकेतच लागते, पतसंस्थेतली ठेव इथं उपयोगाची नाही.

आता हिशेब. जॉइनिंग फी ९९९ म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून सुमारे १,१७९ रुपये. त्यावर १,५०० चं व्हाउचर मिळालं तर फायदा ३२१ चा, तोही त्या दुकानात तुम्ही एरवी खरेदी करत असाल तरच. खर्चाच्या शंभर रुपयांना २ रिवॉर्ड पॉइंट आणि पॉइंट २५ पैशांचा, म्हणजे परतावा अर्धा टक्का. सांगलीच्या गणपती पेठेत कुणी 'स्वाइपला दोन टक्के जादा पडतील' म्हणालं, तर १०,००० च्या खरेदीवर ५० मिळवायला २०० जातील. तिथं सरळ रोख द्या. कार्डावर मिळणाऱ्या विमानतळाच्या लाउंजची (विश्रांतीकक्षाची) किंमत विमानात न बसणाऱ्यानं शून्य धरावी. इथून विमान पकडायचं तर कोल्हापूर नाहीतर पुणे गाठावं लागतं!

बोनस हुकतो तो बहुतेक वेळा अटी न वाचल्यानं. पेट्रोल, घरभाडं, वॉलेट, विमा, सरकारी भरणा हे खर्च अनेक कार्डांत पॉइंटला किंवा बोनसला धरत नाहीत. फ्रिज ईएमआयवर घेतला तर ती रक्कमही काही बँका मोजत नाहीत, आणि वस्तू परत केली की तेवढी वजा होते. म्हणून टार्गेटपेक्षा हजार-दोन हजार जास्तच खर्च कार्डावर बसेल असं बघा. रूपे कार्ड यूपीआयला जोडलं तर किराणाही त्यात बसवता येतो. फक्त समोरचा क्यूआर दुकानाचा हवा, मालकाच्या वैयक्तिक खात्याच्या क्यूआरवर पेमेंट होत नाही.

कार्ड हातात पडताच ऑटोपे लावा, आणि तो पूर्ण बिलाचा. मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) भरून भागतं हा समज महागात पडतो: ३०,००० महिनाभर थकले तर साडेतीन टक्क्यांनी १,०५० व्याज, वर १८९ जीएसटी. सगळा बोनस त्यातच गेला. एटीएममधून या कार्डानं पैसे काढूच नका, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं.

वार्षिक फीची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची टाका. कार्ड बंद करायचं ठरलं तर आधी पॉइंट वापरून टाका, थकबाकी शून्य करा, मग लेखी विनंती द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँकेला ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. त्यापुढे उशीर झाल्यास बँकेनं ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. विनंतीची पोच जपून ठेवा.