टपाची जुनी गाडी दुरुस्त करायला घेताय? या चुका टाळा

ओपन, म्हणजे कापडी टपाची गाडी म्हटलं की सगळ्यांचं लक्ष पहिलं टपावर, कापड कुठलं, कलर कुठला. माझं पण तेच झालेलं. खरं टप हे सगळ्यात शेवटचं काम, आणि गाडी बघायची ती खाली वाकून, कारण बंद गाडीत छप्पर जो भार धरतं तो ओपन गाडीत सगळा फ्लोअर, सिल (दाराखालचा आडवा पत्रा) आणि चेसिसवर (खालच्या सांगाड्यावर) येतो आणि आपल्याकडं बेळगावला जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो, खानापूरकडं तर विचारूच नका, त्यात गंज पहिला तिथंच धरतो.

घ्यायला जाताना खिशात लोहचुंबक न्या. पातळ कापडात गुंडाळून दाराखालच्या पत्र्यावरनं फिरवा, चिकटत चिकटत जाऊन मधेच एकदम सुटला तर समजायचं तिथं पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलीय. मग दाराची फट बघा. वर चिकटलेली आणि खाली बोट जाईल एवढी मोठी, म्हणजे गाडी मधे खचलीय.

माझी मोठी चूक इथंच झाली. गाडी पुढनं-मागनं दोन टोकांना जॅकवर घेतली, दारं काढली आणि कुजलेली सिलं मिस्त्रीनं दोन्ही बाजूंची एकदम कापली, मी पण बघत उभा, थांब म्हटलं नाही. नवीन पत्रा वेल्ड झाला, दार लावायला गेलो तर लॉक बसेना, वरच्या कोपऱ्यात पत्र्याला पत्रा घासायला लागला. सगळं परत कापलं, दोन महिने गेले. म्हणून सांगतो, कापायच्या आधी दार नीट बसेल अशी गाडी सेट करा, मग आतल्या बाजूनं बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत चौकोनी पाईप वेल्ड करून टाका, मधे पण आधार द्या, आणि एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. दर थोड्या वेल्डिंगनंतर दार लावून बघायचं, कंटाळा करायचा नाही.

छप्पर कापून ओपन करायचा विचार असेल तर सोडाच. स्टँडर्ड हेराल्डला वेगळी चेसिस आहे, छप्पर बोल्टवर बसतं. फियाट 1100 ला तसं नाही, तिची बॉडी हीच चेसिस, छप्पर गेलं की ताकद गेली. आणि 2021 च्या नियमानं 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज रजिस्ट्रेशन मिळतं ते बॉडी, चेसिस, इंजिनमध्ये मोठा बदल नसेल तरच.

कागदांचं पण बघा की. निपाणीपलीकडं कागल-कोल्हापूरला गाडी मिळते, महाराष्ट्र पासिंगची, लोक टेम्पोत घालून आणतात आणि एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचं ना-हरकत पत्र) नंतर बघू म्हणतात. आरसी बुकवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवूनच पैसे द्या, आणि एनओसी जुना मालक समोर असतानाच मार्गी लावा.

बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन लगेच सेल्फ मारून बघू नका. प्लग काढा, भोकातनं थोडं ऑइल सोडा, एक-दोन दिवसांनी हातानं फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल येतं, त्यानं जुने रबरी पाईप खराब होतात, ते सगळे बदला. ब्रेकमध्ये चुकूनही इंजिन ऑइल नको, रबर फुगतात. आणि बॅटरी जोडायच्या आधी बघा, त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत प्लस बॉडीला असतो.

खोलताना फोटो काढा, बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावा. मोडका पार्ट तर फेकूच नका, उद्यमबागेत सॅम्पल असेल तर लेथवर बुश, पिन करून मिळते, फौंड्रीत कास्टिंग पण होतं, सॅम्पलच नसलं तर काय दाखवणार?

टप शेवटी. दारं, काचा, पुढची फ्रेम बसल्यावरच कापड कापायला द्या आणि ताणायचं काम उन्हाळ्यात उन्हात करा. ओला टप घडी घालून ठेवला की बुरशी धरते. पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री घट्ट बांधू नका, ओल आतच राहते, शेडमध्ये टप घडी न घालता वर लावून ठेवा आणि फ्लोअरवरचं मॅटिंग काढून ठेवा.