दोन इंटरनेट लाइनवर भार कसा वाटावा?

मायक्रोटिक राउटरला दोन कंपन्यांच्या लाइन जोडल्या असतील, तर भार पॅकेटगणिक न वाटता कनेक्शनगणिक वाटणारी पीसीसी (पर कनेक्शन क्लासिफायर) पद्धत निवडावी. कारण एकाच कनेक्शनची पॅकेटे दोन वेगळ्या आयपी पत्त्यांवरून गेली, तर ते कनेक्शन टिकत नाही. कोणते कनेक्शन कोणत्या लाइनने जाईल हे ठरवणाऱ्या वर्गीकरणात पत्त्यांसोबत पोर्टही (कनेक्शनच्या टोकांना असलेले क्रमांक) धरल्यास वाटणी अधिक समान होते खरी, पण एकाच संकेतस्थळाची वेगवेगळी कनेक्शने दोन लाइनने जाऊ शकतात, आणि मध्येच बदललेला पत्ता पाहून नेटबँकिंगचे संकेतस्थळ लॉगआउट करू शकते. म्हणून दोन्ही टोकांचे केवळ पत्ते धरावेत, आणि तरीही तक्रार राहिली तर फक्त आतल्या संगणकाचा पत्ता धरावा. लाइन १०० आणि ५० एमबीपीएसच्या असल्यास कनेक्शनांचे तीन भाग करून ३/० व ३/१ (तीनपैकी पहिले दोन) हे भाग पहिलीला, ३/२ (तिसरा) दुसरीला द्यावा. एकाच कनेक्शनने मोठी फाइल उतरवताना मात्र वेग एका लाइनपुरताच मिळतो.