सुट्टीचं बजेट जूनपासून उलटं मोजायचं

निकाल हातात पडला की पोरांचा पहिला प्रश्न, आई आपण कुठे जायचं? आणि मी मात्र आधी जूनची यादी काढून बसते. कारण खरा दणका मे मध्ये बसतच नाही हो, तो बसतो शाळा उघडताना. वह्या, पुस्तकं, गणवेश, बूट, दप्तराची चेन गेलेली असते, रेनकोट मागच्या वर्षीचा कोपरापर्यंतच येतो, त्यात रिक्षावाले काका ॲडव्हान्स मागतात, आणि हे सगळं एकाच पंधरवड्यात. म्हणून आधी ही यादी करा, कपाटातलं सामान बाहेर काढून काय चालेल काय नाही ते बघा, लागणारे पैसे वेगळे काढून ठेवा आणि मग जे उरेल तेवढीच आपली सुट्टी. उरलेल्याचे आठवड्यांवर भाग पाडायचे. साधारण सहा आठवडे धरा, विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात त्यामुळे तिकडच्यांनी एखाद-दीड आठवडा जास्तच धरा.

ट्रिपने बजेट कोलमडतं असं आपल्याला वाटतं, पण आमच्या घरी तरी ते दहा-वीस रुपयांनी कोलमडायचं. रोज एक कुल्फी, मग पेप्सीकोला, मग मित्राने आणलं म्हणून चिप्स. आता दर सोमवारी आठवड्याचे पैसे सुट्टे करून एका डब्यात टाकते आणि डबा पोरांच्या हाताला लागेल असा ठेवते. संपले की पुढचा सोमवार. पहिल्या आठवड्यात बुधवारीच डबा रिकामा झाला, धाकटीने भोकाड पसरलं, मी काही हलले नाही. दुसऱ्या आठवड्यात मोठा तिला समजावत होता की आज कुल्फी नको, शनिवारी भाड्याची सायकल घेऊ. यात एकच धोका, आजोबा. ते गुपचूप नोट सरकवतात आणि सगळ्या नियमांचं पाणी होतं. त्यांना सरळ सांगायचं, बाबा द्या तुम्ही पण डब्यात टाका.

आता दिवसाचं बघू. अख्खा दिवस प्लॅन करायला जाऊ नका, वेड लागेल. सकाळी सहा ते दहा पोरं बाहेरच पाहिजेत, खाली, मैदानात, टेकडीवर, कुठेही. संध्याकाळी पाचनंतर ती आपोआप जातात. कसोटी असते ती अकरा ते पाचची. त्यात मोबाइलची वेळ ठरलेली, आमच्याकडे दोन ते साडेतीन, गजर लागला की फोन परत माझ्याकडे, म्हणजे ओरडायचं काम गजराकडे. बाकी वेळ पत्ते. मेंढीकोट, बदाम सात, चॅलेंज, एक पत्त्यांचा कॅट संपूर्ण मे काढतो. कुरडया घालत असाल तर पोरांना सोऱ्या फिरवायला द्या, निम्म्या वाकड्या होतील आणि निम्मा चीक ती वाटीतूनच संपवतील, होऊ दे. आणि "कंटाळा आलाय" म्हणत आली तर पहिला अर्धा तास काहीही सुचवू नका. खरंच. अर्ध्या तासाने पलंगाखाली चादरीचं दुकान लागलेलं असतं.

एक फुकटातला कार्यक्रम मात्र कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा, शून्य सावलीचा दिवस. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच खाली गायब होते. कोल्हापूरला ६-७ मेच्या आसपास, पुण्यात १३-१४, मुंबईत १५-१६, नाशिकला २० च्या सुमारास, नागपूरला २५-२६. वेळ बाराची नाही हं, पुण्या-मुंबईकडे साडेबाराच्या थोडं पुढे. सव्वाबारापासून, नागपूरकडच्यांनी बारापासूनच, गच्चीवर एक डबा किंवा सरळ उभी बाटली ठेवायची आणि दर पाच मिनिटांनी खडूने सावलीचं टोक मारायचं. टोपी आणि पन्हं सोबत.

शिबिरांबद्दल माझं मत जरा कडू आहे. एका वर्षी मी दोघांचे पैसे आगाऊ भरले, धाकटी तिसऱ्या दिवशी जाईना आणि पैसे काही परत मिळाले नाहीत. आता मी आधी एक दिवस बसू देता का विचारते, नाही म्हणाले तर भरतच नाही. त्यापेक्षा लायब्ररीची दोन महिन्यांची वर्गणी लावा. आणि नोकरी करणाऱ्यांनी बिल्डिंगमधल्या दोन-तीन घरांशी पाळी लावून बघा, ज्यांची सुट्टी किंवा घरून काम असेल त्यांच्याकडे त्या दिवशी सगळी पोरं, डबा मात्र प्रत्येकाचा आपापला, नाहीतर महिन्याच्या शेवटी कुणाच्या घरी किती दूध गेलं यावर तोंडं वाकडी होतात.

गावाला जाणार असाल तर एसटीचा हिशेब करून बघा. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धंच, म्हणजे आई आणि दोन पोरं मिळून दीड तिकिटात मामाच्या गावी. रेल्वेत ५ ते १२ च्या मुलासाठी वेगळा बर्थ घेतला तर पूर्ण भाडं लागतं, बर्थ नको म्हटलं तर अर्धं, पण रात्रीच्या लांबच्या प्रवासात हा वाचवायचा प्रकार मी एकदाच केला, परत नाही. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

मामाकडे पंधरा दिवस पोरं ठेवायची तर रिकाम्या हाताने पाठवू नका. वहिनी पैसे घेणार नाहीत, रागावतीलच, म्हणून तेलाचा डबा, साखर, चहा असं जाताना घेऊन जायचं. आणि पुढचे दहा दिवस त्यांची पोरं आपल्याकडे आणायची. चार पोरं दोन पोरांपेक्षा कमी त्रास देतात, हे ऐकून कुणी विश्वास ठेवत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जुन्या वह्यांची कोरी पानं काढायला पोरांना बसवा. मागच्या वर्षी आमच्या दोघांच्या मिळून तीन जाडजूड रफ वह्या निघाल्या, दाभण आणि जाड दोऱ्याने शिवल्या, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर. आणि झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणत जा, शाळेच्या आदल्या रात्री एकदम नऊ वाजता दिवे घालवून काही होत नाही.